हवा तागडीत घालू या!

बालमित्रांनो, पुढचं वाचण्याआधी एक छोटं काम करा. सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या, शांत बसा आणि एका मिनिटात आपण किती वेळा श्वास घेतो ते मोजा. मग आईचे किंवा बाबांचे श्वास मोजा. पण त्यांना आधी सांगू नका हं! कुणी मोजतंय हे कळलं, की माणसाचा श्वास आपोआप बदलतो.

झालं मोजून? मोठ्या माणसांचे बहुतेक बारा ते अठरा भरले असतील. तुमचे त्याहून थोडे जास्त, वीसच्या आसपास. घरात दोन-तीन वर्षांचं भावंड असेल, तर त्याचे आणखी जास्त. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचं काम पडणार आहे.

आता थोडं गणित. मोठा माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो. मिनिटाला पंधरा श्वास धरले, तर साडेसात लिटर. तासाला साडेचारशे लिटर. आणि दिवसरात्र मिळून १० हजार ८०० लिटर! बीड जिल्ह्यातल्या मुलांना हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको. उन्हाळ्यात गावात पाण्याचा टँकर येतो ना, त्यातला मोठा टँकर साधारण एवढाच असतो. म्हणजे तुमच्या घरातलं प्रत्येक मोठं माणूस रोज एक टँकर हवा पितं.

टँकरचं पाणी आपण गाळून घेतो. विहिरीत टीसीएल पावडर टाकतो. पाणी गढूळ दिसलं तर आजी लगेच तुरटी फिरवते. हवेला मात्र ना फडकं, ना तुरटी. जशी येते तशी आपण आत घेतो. मग ती गढूळ आहे की स्वच्छ, हे कसं ओळखायचं?

एक युनिट वीज, पाव किलो राख

त्यासाठी आधी परळीला जाऊ या. परळी म्हटलं की वैजनाथाचं ज्योतिर्लिंग आठवतं, आणि त्याच्याबरोबर उंच उंच धुराडी. परळीचं औष्णिक विद्युत केंद्र १९७१ साली सुरू झालं. सुरुवातीचे संच फक्त ३० मेगावॉटचे होते. पुढे २१० मेगावॉटचे आले. ते जुने संच आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्यानंतर प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले.

इथे वीज कशी तयार होते? दगडी कोळसा दळून त्याची पिठासारखी भुकटी करतात. ती भट्टीत जाळतात. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफ चक्र फिरवते आणि चक्राबरोबर जनित्र फिरतं. पण आपल्या देशातल्या कोळशात राख फार. शंभर किलो कोळसा जाळला, तर साधारण तीस ते चाळीस किलो राख उरते. एक युनिट विजेसाठी सुमारे सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एक युनिट वीज तयार झाली, की मागे पाव किलो राख उरली असं समजा.

शंभर वॉटचा जुना दिवा दहा तास जळला, की एक युनिट होतं. आता २५० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण ताकदीने चालला, तर किती राख होईल? चौदाशे टनांच्या घरात! दहा टनांचा एक ट्रक धरला, तर १४० ट्रक. एका दिवसाचे आणि एकाच संचाचे.

वीज तारांमधून दूरदूरच्या गावांत जाते. राख मात्र परळीतच उतरते.

कंगव्याची जादू

ही सगळी राख धुराड्यातून बाहेर पडते का? नाही. यातली थोडी राख जड असते, ती भट्टीच्या तळाशी पडते. बाकीची, म्हणजे शंभरातली ऐंशीच्या आसपास, इतकी बारीक असते की धुराबरोबर उडू लागते. तिला पकडायला एक यंत्र असतं. त्याचं नाव लांबलचक आहे, पण तिथले लोक त्याला नुसतं ‘ईएसपी’ म्हणतात. ते कसं चालतं, हे तुम्हाला घरीच करून पाहता येईल.

कोरड्या, तेल न लावलेल्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा आठ-दहा वेळा जोरात फिरवा. मग तो कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या. कपटे टुणकन उडी मारून कंगव्याला चिकटतात! कंगव्यावर विजेचा भार जमतो आणि तो कपट्यांना ओढतो. वीजकेंद्रात हाच खेळ फार मोठ्या प्रमाणावर चालतो. धूर उंच पत्र्यांच्या मधून नेतात. पत्र्यांमध्ये खूप मोठ्या दाबाच्या विजेच्या तारा असतात. त्या राखेच्या कणांना भार देतात आणि कण पत्र्यांना जाऊन चिकटतात. मग पत्र्यांवर हातोडे आपटले, की राख खाली पडते. यंत्र नीट चाललं, तर शंभरातली नव्याण्णव भागांहून जास्त राख ते अडवतं.

मग परळीत राख उडते ती कुठून? पकडलेली राख ठेवायची कुठे, हा खरा प्रश्न आहे. काही राख कोरडीच सिमेंट कारखान्यांना आणि विटा करणाऱ्यांना जाते. उरलेली पाण्यात कालवून नळांनी मोठ्या तळ्यात सोडतात. परळीजवळ दादाहरी वडगावच्या बाजूला अशी राखेची तळी आहेत. राख ओली असेपर्यंत गप्प बसते. पण आपला जिल्हा तर दुष्काळी. २०१३ साली इतकी टंचाई होती, की पाण्याअभावी परळीचं केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. तळ्याचा काठ वाळला आणि उन्हाळ्याचा वारा सुटला, की राख उठलीच. त्यात वरून नीट न झाकता राख भरलेले ट्रक रस्त्याने गेले, की ती थेट घरांत, दुकानांत, शाळांच्या बाकांवर. परळी परिसरात वर्षानुवर्षं ही तक्रार आहे.

राख ही काही वाईट वस्तू नाही बरं का! सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेच्या इवल्याशा गोट्यांसारखे दिसतात. सिमेंटमध्ये मिसळली तर बांधकाम टिकाऊ होतं. अकोले तालुक्यातल्या घाटघरच्या धरणात सिमेंटबरोबर अशी राख वापरलेली आहे. वीजकेंद्रांनी राख पडू देऊ नये, ती वापरात आणावी, असा केंद्र सरकारचा नियम १९९९ सालापासून आहे. ३१ डिसेंबर २०२१ रोजी तो आणखी कडक करून, सगळीच्या सगळी राख वापरा असं सांगितलं गेलं. भिंतीत बसलेली राख कुणाला त्रास देत नाही, छातीत बसलेली देते.

केसाचे पंचवीस भाग

छातीत कोणता कण जातो? इथे आकाराला महत्त्व आहे. तुमचा एक केस घ्या. त्याची जाडी साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन असते. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन. डोळ्यांत जाणारी, दारात साचणारी धूळ बरीच मोठी असते. ती नाकातल्या केसांत अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र घशाच्या खाली उतरतात. त्यांना ‘पीएम १०’ म्हणतात. आणि अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे ‘पीएम २.५’, फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात. त्यातले सर्वांत बारीक तर रक्तातही उतरतात. केसाच्या जाडीत असे पंचवीस कण शेजारीशेजारी सहज बसतील!

खोकला, दमा आणि मोठ्या माणसांचे हृदयाचे आजारही यामुळे बळावतात. आता सुरुवातीचं श्वासांचं गणित आठवा. लहान मुलं भराभर श्वास घेतात. वजनाच्या मानाने पाहिलं, तर त्यांच्या वाट्याला मोठ्यांपेक्षा जास्त हवा येते, आणि तिच्याबरोबर जास्त धूळही. त्यांची फुप्फुसंही अजून वाढत असतात. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकच हवा घेतली, तरी त्रास सगळ्यांना सारखा होत नाही.

हवेचं वजन

हे कण दिसत नाहीत, मग मोजायचे कसे? उत्तर अगदी किराणा दुकानातलं आहे. तागडीत घालून!

एक पंप हवा ओढतो आणि ती एका खास कागदातून जाते. मोठे कण आधीच वेगळे काढलेले असतात, बारीक तेवढे कागदावर अडकतात. कागद लावण्याआधी अतिशय नाजूक काट्यावर तोलतात आणि काढल्यावर पुन्हा तोलतात. वजन जितकं वाढलं, तितकी धूळ. समजा, पंपाने मिनिटाला एक घनमीटर हवा ओढली आणि तो आठ तास चालला. म्हणजे ४८० घनमीटर हवा. कागदाचं वजन ४८ मिलिग्रॅमने वाढलं. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. म्हणून ४८,००० भागिले ४८०. उत्तर आलं दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम.

आपल्या देशात २००९ साली ठरलेल्या मानकांनुसार चोवीस तासांची पीएम १०ची मर्यादा नेमकी एवढीच आहे, १००. पीएम २.५ची मर्यादा आहे ६०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलेल्या मर्यादा याहून कितीतरी कडक आहेत. पीएम १०साठी ४५ आणि पीएम २.५साठी फक्त १५.

कागद तोलायची ही पद्धत हाताने करायची असते. देशभरच्या अशा केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, वर्षातून १०४ दिवस मोजणी करायची असं ठरलेलं आहे. याशिवाय काही शहरांत आपोआप दिवसरात्र मोजणारी यंत्रंही आहेत.

उलटी गुणपत्रिका

धुळीशिवाय हवेत गंधकाचा आणि नायट्रोजनचा वायू, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन असे इतरही पाहुणे असतात. एवढे सगळे आकडे सामान्य माणसाने कसे वाचायचे? म्हणून २०१५ साली भारतात हवा गुणवत्ता निर्देशांक सुरू झाला. आठ प्रदूषकांचा त्यात विचार होतो. शून्य ते ५० म्हणजे चांगली हवा, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर. ही एक उलटी गुणपत्रिका आहे. इथे जितके गुण जास्त, तितकं कार्टं नापास!

आणखी एक गंमत. या गुणपत्रिकेत सरासरी काढत नाहीत. ज्या प्रदूषकाची स्थिती सर्वांत वाईट, त्याचाच आकडा निर्देशांक म्हणून लावतात. सात विषयांत चांगले गुण आहेत, म्हणून आठव्यातलं अपयश झाकलं जात नाही. हे आकडे मोबाइलवर पाहण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं एक ॲप आहे. त्याचं नाव आहे ‘समीर’. समीर म्हणजे वारा!

आकड्यालाही पत्ता असतो

पण एक गोष्ट विसरू नका. प्रत्येक आकड्याला पत्ता असतो. यंत्र जिथे बसवलं, तिथल्या हवेचा तो आकडा. दहा कोसांवरच्या गावाला तो लागू होईलच असं नाही.

२०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. मराठवाड्यातली तीन शहरं त्यात घेतली गेली: औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर. बीड जिल्ह्यातलं एकही शहर त्या यादीत नव्हतं. शहरांची हवा मोजायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण राखेच्या तळ्याकाठी राहणाऱ्या मुलीच्या श्वासाचं काय? दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांबरोबर उसाच्या फडावर जाणाऱ्या मुलाचं काय? कोपीत तीन दगडांची चूल पेटते, धूर जायला खिडकी नाही आणि बाळ झोपलंय चुलीशेजारी. अशा ठिकाणी पीएम २.५चा आकडा कित्येकदा शेकड्यांत जातो. पण तिथे यंत्र नाही, म्हणून तो आकडा कुणाच्या वहीत येत नाही. जे मोजलं जात नाही, ते सरकारदरबारी घडलेलंच नसतं!

लंडनची हकिगत ऐका. डिसेंबर १९५२ मध्ये तिथे पाच दिवस दाट धुकं आणि कोळशाचा धूर एकत्र साचला. वारा नव्हता. थंड हवा जमिनीलगत आणि उबदार हवा वर, असं जणू झाकणच बसलं होतं. आपल्याकडेही हिवाळ्यात पहाटे गावावर धुराचा आडवा पट्टा दिसतो, तो याच झाकणामुळे. लंडनच्या लोकांना धुक्याची सवय होती. त्यांना वाटलं, नेहमीचंच आहे. पण पुढे मृत्यूंच्या नोंदी मोजल्या, तेव्हा कळलं की नेहमीपेक्षा सुमारे चार हजार माणसं जास्त दगावली होती. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. या मोजणीने सगळे हादरले आणि १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. धूर सगळ्यांनाच दिसत होता, पण कायदा झाला तो मोजणीनंतर.

करून पाहा

मग आपणही मोजू या की! साहित्य अगदी साधं आहे: चार पांढरी जाड कार्डं, पेट्रोलियम जेली, पट्टी, पेन्सिल आणि एक भिंग.

१. प्रत्येक कार्डावर एक सेंटिमीटर बाजूचे दहा चौकोन आखा. मागे जागा, तारीख आणि वेळ लिहा.

२. चौकोनांवर जेलीचा पातळ हात फिरवा.

३. एक कार्ड रस्त्याकडच्या खिडकीत, एक स्वयंपाकघरात, एक गच्चीवर आणि एक झाडाखाली ठेवा. उडू नये म्हणून चिकटपट्टीने आडवं चिकटवा.

४. बरोबर चोवीस तासांनी उचला. भिंगातून प्रत्येक चौकोनातले कण मोजा आणि दहा चौकोनांची सरासरी काढा.

५. वहीत नोंद करा. त्या दिवशी वारा कुठून कुठे वाहत होता? (उदबत्तीचा धूर कुठे झुकतो ते पाहा.) पाऊस पडला का? शेजारी कचरा किंवा पाचट पेटवलं होतं का? रस्त्याने राखेचे किंवा मातीचे ट्रक किती गेले?

असं दर आठवड्याला ठरावीक वारी, निदान दोन महिने करा. एका दिवसाच्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आठ आठवड्यांचे आकडे मात्र बोलू लागतात. आणि एक ध्यानात ठेवा. या कार्डावर पडते ती दिसणारी, जड धूळ. पीएम २.५चे कण हवेत तरंगत राहतात, ते कार्डावर मोजता येणार नाहीत. म्हणून आपल्या कार्डाने यंत्राचं काम होत नाही. यंत्र कुठे हवं आहे, हे मात्र ते दाखवू शकतं.

आई-बाबांसाठीही दोन शब्द. हवा वाईट असेल त्या पहाटे मुलांना मैदानावर धावायला पाठवू नका. ऊन वर आलं, की धुराचं झाकण उघडतं, तेव्हा खेळू द्या. घर झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. रुमाल बांधल्याने मोठी धूळ अडते, पण बारीक कण अडत नाहीत. त्यासाठी एन-९५सारखी मुखपट्टीच लागते. घरात चूल असेल, तर तिच्या वर धुराला वाट ठेवा आणि बाळाची झोळी चुलीपासून लांब बांधा. अंगणात प्लॅस्टिक तर मुळीच जाळू नका.

आणि मुलांनी भरलेली वही कपाटात ठेवू नका! २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते, तिथे ती वाचू द्या. तिची एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा. ‘फार धूळ उडते हो’ असं म्हटलं, की मोठी माणसं मान डोलावतात आणि विसरतात. पण ‘शाळेच्या खिडकीत एका चौकोनात सरासरी ४० कण आणि ट्रकवर ताडपत्री बांधली त्या आठवड्यात १५’ असं कुणी लिहून दिलं, तर उत्तर द्यावंच लागतं. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. खरे आकडे तुम्ही भरायचे.

आता या आठवड्याचं गणित. वरच्यासारखाच पंप, मिनिटाला एक घनमीटर हवा, आठ तास. या वेळी कागदाचं वजन ७२ मिलिग्रॅमने वाढलं. पीएम १० किती झालं? चोवीस तास हवा अशीच राहिली, तर ती मर्यादेच्या आत की बाहेर? आणि निर्देशांकात १०१ ते २५० मायक्रोग्रॅम पीएम १० असलेली हवा ‘मध्यम’ धरतात, तर ही हवा कोणत्या गटात बसेल?

उत्तर पुढच्या अंकात. तोवर कार्डं तयार ठेवा!